केळीच्या खोलीतून कातडीच्या खोलीत

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. माझ्या बायकोला विचारा. चाळीस वर्षांत एकदाही भाजी चांगली झाली म्हटलं नाही या माणसानं, असं ती सांगेल, आणि ते खरं आहे. पण दिपमाला अक्काचं मला सांगायचंच आहे, कारण धुळ्याच्या देवपुरात लोक तिच्याबद्दल काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं तिनं वाटीत माणसाची कातडी वाढवली, कुणी म्हणतं ती शिकलेल्या डॉक्टरांची मास्तरीण झाली. दोन्ही खरं आहे, पण अर्धं अर्धं. पूर्ण मला माहीत आहे, कारण मी दारातच होतो.

माझं नाव भटू. आमच्या फार्मसी कॉलेजात सव्वीस वर्षं मी प्राणीघर सांभाळलं. चारापाणी माझं, पिंजरे धुणं माझं, आणि प्रयोगाच्या वेळी ससा धरणंही माझंच. सशाची पाठ भादरायची, तिच्यावर नवं औषध लावायचं, पट्टी बांधायची आणि तीन दिवस बघायचं, कातडी लाल होते का. औषध लावायचे सर, धरायचो मी. ससा ओरडत नाही हो. फक्त त्याच्या छातीतली धडधड आपल्या तळहाताला लागते. संध्याकाळी घरी जेवायला बसलो की ती धडधड तशीच हातात असायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार, नोकरी होती.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर सारिका मॅडम कॉलेजात आल्या. मूळच्या देवपूरच्याच, बाहेर दहा-बारा वर्षं शिकून-शिकवून परत आलेल्या. त्या म्हणाल्या, औषध माणसासाठी आहे ना, मग माणसाच्याच कातडीवर बघू. ऑपरेशनमध्ये निघालेली, एरवी टाकूनच दिली असती अशी कातडी पेशंटची सही घेऊन आणायची. तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि छोट्या वाटीत वाढवून करंगळीच्या नखाएवढी नवी कातडी तयार करायची. औषधाचा थेंब तिच्यावर टाकायचा. मी म्हटलं, मॅडम, हे जमलं तर मी कॉलेजच्या गेटावर नारळ फोडीन. त्या हसल्या. पुढे प्राणीघर रिकामं झालं, चौदा पिंजरे मागच्या खोलीत गेले आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कंबरेला राहिली. मी निवृत्त झालो तरी मॅडमनी मला दारावर आणि वाफेच्या यंत्रावर ठेवून घेतलं. त्या यंत्रात बाटल्या नि चिमटे निर्जंतुक करतात.

पण जमेना. पेशी गुलाबी पाण्यात वाढवतात. त्यात हवेतला, हातावरचा, कुठलाही एक जंतू पडला की दोन दिवसांत पाणी गढूळ, चौथ्या दिवशी बठ्ठं, सगळंच, फेकून द्या. पीएच.डी. करणारी पोरं होती, पुस्तकं तोंडपाठ होती, तरी दर पंधरवड्याला तेच. आमचे प्राचार्य बन्सीलाल सर सोमवारी दारात यायचे आणि मला विचारायचे, "काय भटू, या आठवड्यात काय सडलं?" वर म्हणायचे, जमलं तर जमलं, नाहीतर ससे आहेतच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण प्राचार्यांना काय बोलणार.

अशात बाटल्या धुवायला बाई हवी म्हणून दिपमाला आली. चोपड्याजवळच्या खेड्यातली, केळीवाल्या चुडामण नानांची लेक. दहावी झाली, लग्न करून जळगावला गेली. नवरा सुपडू एसटीच्या वर्कशॉपात. तिथं ती एकवीस वर्षं केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. केळीच्या कंदाचा कोंब घ्यायचा, सुरीनं त्याचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा बाटलीत लावायचा आणि एका कोंबाची शेकडो रोपं करायची. थंड खोली, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, समोर स्पिरिटचा दिवा. लावलेल्या बाटलीत बुरशी आली की बाईचं नाव फळ्यावर. अक्काचं नाव एकवीस वर्षांत चार वेळा फळ्यावर लागलं, आणि त्या चारही तारखा तिला अजून पाठ आहेत. नवऱ्याची बदली धुळ्याला झाली म्हणून ती नोकरी सुटली. तिला सगळे अक्का म्हणतात. मीही म्हणतो, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असली तरी.

आल्यावर तिसऱ्या दिवशी ती बाटल्यांची टोपली घेऊन काचेबाहेर उभी राहिली. आत एक पोरगा पेशींचं पाणी बदलत होता. ही नुसती बघत होती. मग मला म्हणाली, "आबा, हाई पाणी परवा खराब व्हयी." मी विचारलं, तुला काय माहीत? म्हणाली, उघड्या बाटलीवरून त्याचा हात तीनदा गेला, आणि झाकण त्यानं टेबलावर ठेवलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. दोन दिवसांनी पाणी खरंच पिवळं पडलं. आता मात्र मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी अक्काला बोलावलं, कोट घालायला दिला आणि गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्रासमोरची खुर्ची दाखवली. ती बसेना. "माले बोलता येस नही, पन मना हात चालस," म्हणाली. मॅडम म्हणाल्या, बोलू नकोस, हातच दाखव. अक्का बसली. दोन्ही कोपरं टेकवली, बाटलीचं झाकण करंगळीत धरलं, त्याच हातानं नळी धरली, पाणी काढलं, पाणी घातलं. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. त्या वाट्या तीन आठवडे स्वच्छ राहिल्या आणि त्या कॉलेजातली पहिली कातडी त्यांच्यात तयार झाली. मॅडम त्या दिवशी माझ्यासमोर रडल्या. उगाच लपवत नाही, माझेही डोळे भरले होते.

त्यानंतर मॅडमनी वरच्या समितीला कळवलं की धुळ्यात आम्ही हे काम नव्या शास्त्रज्ञांना शिकवू शकतो. समितीनं एक वर्ग करून बघायला परवानगी दिली. सहा आठवडे, दहा जण, बहुतेक नुकते पीएच.डी. झालेले किंवा कॉलेजात नवे लागलेले. अट एकच. शेवटी समिती बारा कुप्या पाठवणार, प्रत्येकीवर नुसता नंबर. पोरांनी स्वतः कातडी वाढवायची, तिच्यावर त्या कुप्या तपासायच्या आणि कातडीला चरचरणारी कोणती, न चरचरणारी कोणती ते लिहून द्यायचं. बारापैकी दहा बरोबर आल्या तर वर्ग कायमचा इथं. नाही आल्या तर वर्ग दुसऱ्या शहरात. बन्सीलाल सरांनी पुढचं वाक्य स्वतःचं जोडलं: मग ही खोली पुन्हा प्राणीघराला. म्हणजे अक्का घरी आणि माझी किल्ली पुन्हा कुलपात.

हात शिकवायचं काम मॅडमनी अक्काला दिलं. पहिल्या दिवशी ती पोरांना धड नमस्कारही करू शकली नाही. त्यातला एक कुंदन, मोठ्या संस्थेतून ताजा पीएच.डी. घेऊन आलेला, माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "या बाई काय शिकवणार?" मी म्हटलं, बाबा रे, आधी चिमटा धर, मग बोल.

पहिले दोन आठवडे अक्कानं कुणाला पेशीला हात लावू दिला नाही. भिजवलेला साबुदाणा आणला आणि सांगितलं, चिमट्यानं एकेक दाणा या वाटीतून त्या वाटीत न्या, चिरडला की पहिल्यापासून. दहा जण, त्यातले पाच डॉक्टर, खाली माना घालून साबुदाणा मोजतायत, असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग नुसतं गुलाबी पाणी वाट्यांत भरायला लावलं आणि वाट्या तीन दिवस ठेवल्या. सात जणांचं पाणी गढूळ झालं. तिनं भिंतीवर फळा लावला आणि सातही नावं लिहिली. कुंदनचं पहिलं. तो लालबुंद झाला. तिनं त्याच यादीखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे जळगावच्या त्या चार तारखा घातल्या. त्यानंतर कुंदन तिला अक्का म्हणायला लागला.

बोदवडची मोनाली मात्र पहिल्यापासून अक्काची लाडकी. बारीकशी पोरगी, कॉलेजात नवीच लागलेली, हात थरथरायचा. अक्का तिच्या मागे उभी राहायची आणि हळूच म्हणायची, श्वास सोड, मग थेंब सोड. तिसऱ्या आठवड्यात मोनालीचा हात बसला. सगळ्यांचेच बसले. परीक्षेच्या कातडीसाठी पेशी लावायचा दिवस ठरला, सोमवार.

आणि आदल्या रविवारी अक्कानं पोरांना घरी जेवायला बोलावलं.

तुम्ही खान्देशातले असाल तर फाल्गुनात घराघरात काय चालतं ते सांगायला नको. ज्वारी तीन दिवस भिजत घालून आंबवायची, कुटून चाळायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर बिबडे थापायचे. वर्षभराचे पापड ते. एकट्या बाईचं काम नाही, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळी गल्ली जमते. त्या रविवारी पाळी अक्काची होती. पोरं आली आणि हौसेनं कामाला लागली. कुणी पीठ चाळलं, कुणी थापलं, मोनालीनं तर बायकांना मागे टाकलं. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून सगळे पोटभर जेवले. मीही होतो. अक्का इतकी खूश होती की तिला काही सुचत नव्हतं. शिकलेली पोरं तिच्या अंगणात मांडी घालून बसली होती, गल्लीतल्या बायका बघत होत्या, आणि तिला तेवढंच दिसत होतं.

सोमवारी सकाळी दहाही जण आत गेले आणि पेशी लावल्या. हात मस्त चालले. अक्का काचेबाहेरून बघत मान हलवत होती.

बुधवारी मोनालीनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मॅडमना हाक मारली. पेशींच्या मधे बारीक मणी, मण्याला मणी चिकटलेले. एका वाटीत नाही, सगळ्या वाट्यांत. ही यीस्ट, म्हणजे पीठ आंबवणारी बुरशी, हे मला नंतर कळलं. त्या वाट्या गेल्या.

मॅडमना वाटलं गरम पेटीत, जिथं वाट्या ठेवतात, तिथं काही बिघडलं. कुंदन म्हणाला, मोनालीची वाटी सगळ्यांत वाईट आहे, तिच्याकडूनच पसरलं असणार. मोनाली रडायला लागली. नेमके त्याच वेळी बन्सीलाल सर दारात आले. एवढ्या गोंधळात अक्का पुढे झाली, एक वाटी बाहेर आणली, झाकण काढलं आणि वास घेतला. तिचा चेहरा असा उतरला की मी पुढे जाऊन खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

"हिला बोलू नका," ती म्हणाली. "बठ्ठं मनामुये जयं." सगळं माझ्यामुळे झालं. मग तिनं सावकाश, मराठीत, सगळ्यांना कळेल असं सांगितलं. वास आंबलेल्या ज्वारीचा आहे. पीठ केसात बसतं, नखात बसतं, कपड्यांत बसतं, साध्या आंघोळीनं जात नाही. केळीच्या खोलीत या दिवसांत सुपरवायझर रोज सकाळी दारात उभा राहायचा आणि प्रत्येकीला विचारायचा, घरी बिबडे होते का? होते म्हटलं की त्या दिवशी आत जायचं नाही. डोक्यावरून आंघोळ, नखं कापायची, धुतलेले कपडे, मग दुसऱ्या दिवशी. एकवीस वर्षं तिनं हे पाळलं होतं. आणि इथं तिनंच पोरांना पिठात बसवलं आणि सोमवारी विचारायचं विसरली.

ती गप्प बसली असती तर पेटीवर आलं असतं. नाहीतर मोनालीवर. कुणाला कळलंही नसतं. मला हे तेव्हाच कळलं आणि ऊर भरून आला. पण बन्सीलाल सर म्हणाले, "दहावीवालीला शिकवायला बसवलं की हेच व्हायचं. भटू, पिंजरे पुसून ठेव." आता माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. मी म्हटलं, सर, सव्वीस वर्षांत या कॉलेजात किती ससे चुकून मेले, कुणाच्या चुकीनं मेले, एकानं तरी असं पुढे येऊन सांगितलं का? ते निघून गेले. मला वाटलं, गेली नोकरी. जाऊ दे म्हटलं.

मॅडमनी हिशेब केला. द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या पेशींची एकच नळी उरली होती. कातडी तयार व्हायला चौदा दिवस, तपासायला तीन. हातात अठरा होते. मॅडम म्हणाल्या, अक्का, ही नळी तू लाव, तुझा हात चुकत नाही.

अक्का म्हणाली, "नाही. परीक्षा पोरांची आहे. मी लावली तर ती फसवणूक. मोनाली लावेल, बाकीचे वाट्या सांभाळतील. मी दारात बसते."

आणि ती बसली. माझ्याच स्टुलाशेजारी दुसरं स्टूल, सतरा दिवस. आत एकदाही गेली नाही. जो येईल त्याला एकच प्रश्न: "आज कसाले हात लावा?" आज कशाकशाला हात लावला. पहिल्या दिवशी पोरांना हसू आलं. मग कुणी सांगायला लागलं, अक्का, नाश्त्याला पाव खाल्ला. की लगेच परत, हात धू, तोंड धू, कपडे बदल. कुणाच्या घरमालकिणीनं डोसे केले होते. परत. मॅडमनाही विचारायची, आणि मॅडमही शाळकरी पोरीसारख्या सांगायच्या. माहेरच्यांशी ती अहिराणीत बोलते तशीच दारात बोलायची, आणि पुण्याकडची पोरंही आठवड्याभरात "काही नही, अक्का" असं उत्तर द्यायला लागली.

घरी तिनं उरलेलं पीठ शेजारणीला देऊन टाकलं. त्या वर्षी तिच्या घरात बिबडे झालेच नाहीत. सुपडू कुरकुरला, तर तिनं त्याला विचारलं, तुमच्या इंजिनात माती घालू का? शिवाय पोरं जिथं जिथं राहत होती त्या प्रत्येक घरी ती जाऊन आली. हात जोडून सांगितलं, अठरा दिवस या लेकरांना पिठाजवळ येऊ देऊ नका. बायकांनीही ऐकलं. चाळण्या मागच्या अंगणात गेल्या आणि आमच्या गल्लीत दोन घरचे बिबडे चैत्रावर ढकलले गेले. आमच्याकडे हे सोपं नाही, हे बिबडे करणाऱ्या बाईला विचारा.

चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ. आठव्या दिवशी स्वच्छ. दहाव्या दिवशी मोनाली बाहेर आली आणि म्हणाली, कातडी चढतेय, थरावर थर. अक्कानं नुसतं "हं" केलं. पण मी बघितलं, पदराच्या आड तिची बोटं हलत होती. आत पोरं जे करत होती तेच ती बाहेर रिकाम्या हातानं करत होती, झाकण करंगळीत, नळी बोटांत.

चौदाव्या दिवशी कातडी तयार झाली. बारा कुप्या उघडल्या. थेंब टाकला, ठरलेली मिनिटं मोजली, धुतला, कातडी पुन्हा पेटीत ठेवली. दोन दिवसांनी तिच्यावर एक पिवळं पाणी घालायचं असतं. कातडी जिवंत असेल तर ते तिच्या अंगात जांभळं होतं. औषधानं मारली असेल तर ती फिक्कीच राहते. मला हे काचेतून दिसलं. आधी काही नाही. मग एका वाटीत जांभळी झाक, मग दुसरीत, मग तिसरीत. कुंदननं काचेवर बोट टेकवून मला मोजून दाखवलं. जांभळ्या सात, फिक्क्या पाच. बरोबर की चूक ते समितीच्या पाकिटात होतं, पण कातडी जगली होती आणि ती पोरांनी जगवली होती. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

समितीचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. बन्सीलाल सर त्यांना मिरवत दारापर्यंत घेऊन आले, आधी आमची खोली बघा म्हणत. अक्का स्टुलावरून उठली. साहेबांना विचारलं, "आज कसाले हात लावा?" त्यांना कळेना. मी समजावलं. ते हसून म्हणाले, गाडीतून उतरलो, चहाचा कप धरला, बस. अक्कानं त्यांना हात धुवायला पाठवलं. मग सरांकडे वळली. तोच प्रश्न. सर म्हणाले, मी प्राचार्य आहे. अक्का म्हणाली, ते माहीत आहे सर, घरी बिबडे होते का? सरांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं. सकाळी घरी बायकोला घाटा ढवळू लागले होते म्हणे. ते मुकाट्यानं मागे सरकले आणि पूर्ण वेळ काचेबाहेर माझ्याजवळ उभे राहिले. मी त्यांना माझं स्टूल दिलं. एवढं तर करायला हवं.

मग वर्गात पाकीट फुटलं. मोनाली आमचं उत्तर वाचायची, साहेब त्यांचं. एक, बरोबर. दोन, बरोबर. सहापर्यंत बरोबर. सातला साहेब थांबले. आम्ही लिहिलं होतं चरचरत नाही, पाकिटात होतं चरचरते. मग आठ, नऊ, दहा, अकरा. बारा. बरोबर.

बारात अकरा. पोरांनी बाकं बडवली, मॅडमनी तोंडावर हात धरला, मी तर सरळ डोळे पुसले. आणि त्या सगळ्या आवाजात अक्का मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "एक कोठे गयं?"

साहेब सांगत होते की दहा पुरे होते, अकरा म्हणजे उत्तम आहे. अक्काला ते ऐकूच येत नव्हतं. ती एकेका पोराकडे बघत होती. तेव्हा कुंदन उभा राहिला. त्याच कुंदननं अठरा दिवसांपूर्वी मोनालीकडे बोट दाखवलं होतं. "अक्का, सात नंबर माझा," तो म्हणाला. "वेळ संपायच्या दोन मिनिटं आधीच मी धुतला. घाबरलो होतो, जास्त वेळ राहील म्हणून. वहीत मी वेळ पूर्ण लिहिली." समितीच्या माणसासमोर, भर वर्गात हे त्यानं सांगितलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज हलला नाही.

अक्का त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता खाऊ की गिळू करणार. तिनं त्याच्या हातात खडू दिला. त्यानं जाऊन फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, पुढे तारीख आणि "दोन मिनिटं". मग तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आते जमनं." आता जमलं.

साहेबांनी तिथंच बसून कागद लिहिला. वर्ग धुळ्यातच राहणार, वर्षातून दोनदा. शिकवणाऱ्यांच्या नावांत पहिलं सारिका मॅडमचं, दुसरं दिपमाला सुपडू पाटील. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं असं त्यांनी विचारलं. बन्सीलाल सर दारातून म्हणाले, "लिहा, एकवीस वर्षं केळी." हे सर म्हणाले, मी नाही. ऐकलं ते सांगतोय.

मी गेटावर नारळ फोडला आणि खोबरं घेऊन पळत दाराशी आलो. अक्का स्टुलावरच होती. "आबा, आज कसाले हात लावा?" मी म्हटलं, नारळ. "मंग तठेच थांबा," म्हणाली आणि स्वतः बाहेर येऊन खोबरं घेतलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी तळलेल्या बिबड्यांचा पत्र्याचा डबा भरून पाठवला. पोरांनी तो कॉलेजच्या बाहेर, लिंबाखाली बसून संपवला.

आठवड्याभरानं पिंजरे भंगारात गेले. किल्ली मी सरांच्या टेबलावर ठेवली.

दुसरा वर्ग गेल्या महिन्यात सुरू झाला. मोनाली आता शिकवायला असते, कुंदनही चार दिवस येऊन गेला. नव्या पोरांना पहिला थेंब दाखवायच्या दिवशी अक्का बाहेर आली आणि मला म्हणाली, आबा, हात धुवा, कोट घाला. मी म्हटलं, मी कशाला? ती म्हणाली, पंधरा दिवस दारात बसून साबुदाणा उचलताय, मला दिसत नाही का? मग मी आत गेलो. कोपरं टेकवली, श्वास सोडला, थेंब सोडला. करंगळीच्या नखाएवढी कातडी वाटीत पडून होती. तिला धरून ठेवावं लागलं नाही. पोरं बघत होती आणि माझा हात हलला नाही.

घरी गेलो, जेवायला बसलो. पहिला घास घेताना तळहाताकडे लक्ष गेलं. हातात काही नव्हतं. मी बायकोला म्हटलं, भाजी चांगली झाली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.